दोन अब्ज डॉलरचं विमान आणि एक रेडिएटर

२०२१ साली अमेरिकन हवाई दलाने सरकारी कंत्राटांच्या साइटवर एक छोटीशी नोटीस टाकली. वरवर बघितलं तर अगदी रटाळ टेंडर. बी-२ विमानात 'लोड हीट एक्स्चेंजर' नावाचा एक भाग असतो. त्याच्या आतला गाभा कसा बनवलाय हे कुणीतरी उलगडून काढावं, बिघडलेला गाभा बाहेर कसा काढायचा याची पद्धत बसवावी, नवीन गाभा बनवून तो परत आत कसा जोडायचा तेही शोधावं, असं त्यात म्हटलं होतं. थोडक्यात, रिव्हर्स इंजिनिअरिंग करून द्या!

आता हीट एक्स्चेंजर म्हणजे काय, तर तुमच्या गाडीतल्या रेडिएटरचा लांबचा नातेवाईक. इकडची उष्णता तिकडे नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. आणि बी-२ म्हणजे काय, तर रडारवर जवळजवळ न दिसणारं, वटवाघळासारखं काळं, जगातलं सगळ्यात महाग बाँबर. संशोधनाचा सगळा खर्च धरून एका विमानाची किंमत दोन अब्ज डॉलरच्या वर जाते. म्हणजे मंडळी, दोन अब्ज डॉलरच्या विमानाचा मालक बाजारात उभा राहून विचारतोय, "माझ्या गाडीचा रेडिएटर कुणी उघडून बघेल का हो?" :-)

ते वाचून मी आधी हसलो. मग शनिवारी बसून जरा खोदकाम केलं आणि हसू हळूहळू कमी झालं. आपण सॉफ्टवेअरवाले ज्या दुखण्याने रोज कण्हतो तेच दुखणं तिथे निघालं. आणि त्यात मुंबईत जन्मलेला एक माणूसही निघाला. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडं मागे जाऊ.

*

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत नाही, मॉस्कोत होते. प्योत्र उफिम्त्सेव्ह नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ. विद्युतचुंबकीय लहरी एखाद्या वस्तूच्या कडांवर आदळल्या की कशा विखुरतात, याचं गणित त्यांनी मांडलं आणि १९६२ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक छापून आलं. सोव्हिएत अधिकाऱ्यांना त्यात लष्करी उपयोगाचं काही दिसलं नाही, म्हणून ते उघडपणे छापू दिलं! ज्या देशात कारखान्यांचे पत्तेसुद्धा गुपित असायचे, तिथे हे गणित कुणालाही वाचायला मोकळं होतं.

१९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या भाषांतर विभागाने त्याचं इंग्रजी केलं. पुढे काही वर्षांनी लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर नावाच्या इंजिनिअरच्या हातात ते पडलं. तांत्रिक भाषेने ठासून भरलेलं, कंटाळवाणं पुस्तक. पण या बाबाने ते नेटाने वाचलं आणि त्याच्या लक्षात आलं की विमान न बनवताच, नुसत्या आकारावरून, ते रडारवर किती दिसेल हे मोजता येईल. त्याने 'एको' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे स्टेल्थ विमानाचा पाया एका प्रोग्रॅमने घातला, हे आपल्या जमातीने अभिमानाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

मात्र त्या काळच्या कॉम्प्युटरची ताकद ती केवढी! वळणदार पृष्ठभागाचं गणित त्याला झेपेना. मग काय, सपाट त्रिकोण आणि चौकोन जोडून विमान बनवायचं ठरलं. एफ-११७ चं ते हिऱ्याला पैलू पाडल्यासारखं विचित्र रूप त्यातूनच आलं. हार्डवेअरच्या मर्यादेने विमानाचा चेहरा ठरवला. लॉकहीडच्या त्या विभागाचे प्रमुख बेन रिच तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांच्या टेबलावर बेअरिंगच्या गोळ्या सोडायचे आणि सांगायचे की तुमचं विमान रडारला एवढंच दिसेल. 'हॅव ब्लू' नावाचं प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ ला उडालं, आणि एफ-११७ जून १९८१ मध्ये.

त्या स्पर्धेत हरलेली कंपनी होती नॉर्थ्रॉप. हरल्यावर त्यांनी दुसरी वाट धरली. सपाट पैलूंऐवजी वळणदार, गुळगुळीत आकार. 'टॅसिट ब्लू' हे त्यांचं प्रायोगिक विमान १९८२ च्या फेब्रुवारीत उडालं. दिसायला इतकं बेढब की त्याला देवमासा म्हणायचे. पण तोवर त्यांनी मोठी बाजी मारलीच होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये नवीन बाँबरचं कंत्राट नॉर्थ्रॉपला मिळालं. हाच पुढे बी-२.

यात एक हृद्य गोष्ट आहे. कंपनीचे संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप यांना शेपूट नसलेल्या, नुसत्या पंखाच्या विमानाचं आयुष्यभराचं वेड. १९४७ मध्ये त्यांचं वायबी-४९ हे जेट उडालं, आणि थोड्याच वर्षांत तो सगळा प्रकल्प सरकारने गुंडाळला. १९८० मध्ये, म्हातारे आणि खूप आजारी असताना, खास परवानगी काढून त्यांना नव्या बाँबरची छोटी प्रतिकृती दाखवली गेली. नुसता पंख! १९८१ च्या फेब्रुवारीत ते गेले. बी-२ च्या पंखांची लांबी १७२ फूट आहे. वायबी-४९ ची पण १७२ फूट होती.

*

आता मुंबईकर. नोशीर गोवाडिया, जन्म १९४४, मुंबई, पारशी कुटुंब. साठच्या दशकात अमेरिकेत गेले आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये नॉर्थ्रॉपमध्ये लागले. तिथे ते एप्रिल १९८६ पर्यंत होते, म्हणजे सतरा-अठरा वर्षं. बी-२ घडत होतं त्यातला मोठा काळ त्यात आला.

त्यांचं काम काय होतं? विमान रडारपासून लपवलं तरी इंजिनाची उष्णता लपत नाही. उष्णतेच्या मागावर येणाऱ्या क्षेपणास्त्रांना तापलेला धूर हवाच असतो. बी-२ मध्ये चार इंजिनं आहेत, ती पंखाच्या आत पुरल्यासारखी बसवली आहेत. हवा आत घेणारी तोंडं वरच्या बाजूला, आणि आतली वाट नागमोडी, म्हणजे रडारच्या लहरींना इंजिनाची पाती थेट दिसू नयेत. गरम हवेत थंड हवा मिसळून ती पंखाच्या वरच्या अंगाने सोडायची, म्हणजे खालून बघणाऱ्याला पंखाचीच आड होते. या प्रणोदन यंत्रणेच्या, खास करून उष्णता लपवणाऱ्या भागाच्या, मुख्य रचनाकारांपैकी गोवाडिया एक होते.

अशा प्रोजेक्टवर काम करणाऱ्यांना घरी बायकोलासुद्धा काही सांगता येत नसे. इंजिनिअर माणूस वीस वर्षं आयुष्यातलं सर्वोत्तम काम करतो आणि चारचौघांत, "काय करता?" या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२२ नोव्हेंबर १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथे बी-२ पहिल्यांदा लोकांना दाखवलं. पाहुण्यांना समोरच, तेही लांब बसवलेलं, कारण मागची बाजू, म्हणजे तो धूर सोडणारा भाग, दिसता कामा नये. पण वरच्या आकाशाची बंदी करायला सगळे विसरले होते! एव्हिएशन वीक मासिकाच्या लोकांनी छोटं सेसना विमान घेतलं, वरून एक चक्कर मारली आणि फोटो काढून छापले. १७ जुलै १९८९ ला ते पहिल्यांदा उडालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. ज्या शत्रूसाठी विमान बनवलं तोच दुकान बंद करून निघाला.

*

इथून रेडिएटरच्या गोष्टीला सुरुवात होते. मूळ बेत होता १३२ विमानांचा. १९९० मध्ये तो ७५ वर आला. १९९२ मध्ये २० वर. पुढे चाचणीचं एक विमान दुरुस्त करून ताफ्यात घेतलं, म्हणून २१. कारखाने, साचे, संशोधन यांचा सगळा खर्च, सुमारे ४५ अब्ज डॉलर, १३२ ऐवजी २१ वर वाटला गेला. भागाकार तुम्हीच करा.

पण किमतीपेक्षा जास्त त्रास पुढे झाला. सुट्या भागांचं अर्थशास्त्र संख्येवर चालतं. तुमच्या बाइकचा क्लच प्लेट कुठल्याही तालुक्याला मिळतो, कारण तशा लाखो बाइक रस्त्यावर आहेत. एकवीस विमानांसाठी कोण कारखाना चालू ठेवणार? सुरुवातीला जास्तीचे भाग बनवून ठेवतात, मग ऑर्डर बंद होते. पुरवठादार दुसऱ्या धंद्यात जातो, कुणी विकला जातो, कुणी बंद पडतो. ज्या कामगाराला ते जोडकाम जमायचं तो निवृत्त होतो. बी-२ चे भाग बनवणारा पिको रिव्हेरा इथला नॉर्थ्रॉपचा मोठा कारखाना तर पाडून टाकला, तिथे आता दुकानं आहेत.

यात गुप्ततेची भर. साधारण यंत्राचं ड्रॉइंग दहा ठिकाणी पडलेलं असतं, एखादं तरी सापडतं. गुपित यंत्राची प्रत मोजक्या कपाटांत, आणि ज्याला एका भागाची माहिती त्याला शेजारच्या भागाची नसते. शत्रूपासून लपवायला केलेली व्यवस्था तीस वर्षांनी स्वतःच्याच मेकॅनिकची वाट अडवते.

हे काही अमेरिकेचंच दुखणं नाही. आमच्या बुलढाण्याच्या शेगाव-मलकापूरवरून मुंबईकडे जाणारी गाडी नाशिक रोडवरून जाते. त्या नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, १९६४ साली मिग-२१ साठी काढलेला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने एका रात्रीत वेगवेगळ्या देशांत गेले. दोन सीटचं शिकाऊ मिग-२१ तर जॉर्जियातल्या तिबिलिसीला बनायचं! नव्वदच्या दशकात आपल्या हवाई दलाला सुट्या भागांसाठी फार वणवण करावी लागली. पण आपल्याकडे सहाशेच्या वर मिग-२१ देशातच बनलेली होती, आणि त्यामुळे ती बनवणारे हातही इथेच होते. शेवटची मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झाली, म्हणजे तिचा मूळ देश मोडल्यावर चौतीस वर्षांनी.

रिव्हर्स इंजिनिअरिंग हा शब्द मी कॉलेजात शिकलो, पण प्रकार लहानपणीच बघितला होता. खामगाव म्हणजे कापसाचं गाव. १८७० मध्ये लॉर्ड मेयो येऊन जलंब-खामगाव रेल्वेचं उद्घाटन करून गेला तेही कापसासाठीच. जिनिंग-प्रेसिंगमधली यंत्रं तेव्हा विलायतेहून यायची. विलायत गेली, यंत्रं जुनी झाली, पण दात तर तुटणारच ना? माझे मामा एकदा तुटलेली गिअर घेऊन एका मिस्त्रीकडे गेले होते, मी सोबत. मामांनी खिशातून कंपनीचं कॅटलॉग काढलं. मिस्त्रीने त्याकडे बघितलंही नाही. "कागद कायले पायजे भाऊ? फुटका तुकडा आनला ना? द्या इकडं." कॅलिपर लावला, दात मोजले, तीन दिवसांनी या म्हणाला. तिसऱ्या दिवशी गिअर तयार.

मग अमेरिकेने पण एखादा मिस्त्री गाठला की झालं, असं वाटेल. पण आकार मोजता येतो, आकारामागचं कारण मोजता येत नाही. हीट एक्स्चेंजरचा गाभा म्हणजे पातळ पत्रे आणि त्यांच्यातल्या बारीक पन्हळी, एकावर एक रचून निर्वात भट्टीत जोडलेल्या. पत्रा कुठल्या मिश्रधातूचा हे तपासता येईल. पण भट्टीचं तापमान किती, किती वेळ, थंड कशी केली? ही जाडी ताकदीसाठी आहे की त्या वर्षी तोच पत्रा मिळाला म्हणून? गिअर चुकली तर जिन दोन तास बंद राहील, फार तर मामांची चिडचिड होईल. इथे चुकलं तर परवडणारं नाही. जुना कोड वाचताना आपलं हेच होतं बघा. 'इथे ३७ का?' असं विचारायला जावं तर लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला. ३७ बदलायची हिंमत कुणाची नाही. बी-२ मधलं बरंच सॉफ्टवेअर जोव्हिअल नावाच्या जुन्या भाषेत होतं. आज जोव्हिअल येणारा फ्रेशर शोधून दाखवा!

*

'हे ज्ञान लिहून ठेवलं नाही तर काय होतं?' याचं उत्तर गुआम बेटावर मिळालं.

२३ फेब्रुवारी २००८. गुआमच्या अँडरसन तळावरून 'स्पिरिट ऑफ कॅन्सस' नावाचं बी-२ निघालं. या विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारे २४ सेन्सर असतात. गुआमची हवा दमट, पाऊस भरपूर. त्यातल्या तीन सेन्सरमध्ये पाणी शिरलं होतं. उड्डाणाआधी यंत्रणेचं कॅलिब्रेशन केलं गेलं, म्हणजे ओल्या सेन्सरची चुकीची आकडेवारीच 'बरोबर' म्हणून नोंदली गेली. पुढे उष्णतेने पाणी उडून गेलं, पण नोंद तशीच राहिली. धावपट्टीवर कॉम्प्युटरला वेग चुकीचा कळला. विमान लवकर उचललं गेलं, आणि नाक खाली झुकलंय असा कॉम्प्युटरचा समज झाल्यामुळे त्याने ते जोरात वर ओढलं. विमानाचा वेग गेला, डावा पंख जमिनीला लागला. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. विमान राख झालं. २१ चे २० राहिले.

चौकशीत जे निघालं ते मला सगळ्यात जास्त लागलं. २००६ मध्येच तिथल्या काही मेकॅनिक आणि वैमानिकांच्या लक्षात आलं होतं की कॅलिब्रेशनच्या आधी सेन्सरचा हीटर चालू केला की पाणी उडून जातं आणि आकडे बरोबर येतात. सोपा उपाय. काही जण तो करायचेसुद्धा. पण अधिकृत मॅन्युअलमध्ये तो कुणी लिहिला नाही. ज्यांना माहीत होतं ते गेले, जे आले त्यांना माहीत नव्हतं. एका ओळीची नोंद नव्हती, आणि सव्वा अब्जाहून जास्त डॉलरचं विमान गेलं.

आपल्याकडे कुणी नोकरी सोडताना शेवटच्या आठवड्यात 'केटी' घेतात, आठवतंय? तासभर मीटिंग, पंधरा स्लाइड, मग केक कापायचा. हीटरची गोष्ट स्लाइडवर कधीच येत नाही. सांगणाऱ्याला ती सांगण्यासारखी वाटत नाही, आणि ऐकणाऱ्याला काय विचारायचं ते माहीत नसतं.

पुढची आकडेवारी पटकन सांगतो. २०१० मध्ये गुआमलाच दुसऱ्या एका विमानाला आग लागली, ते दुरुस्त होऊन परत यायला २०१३ चा डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये 'स्पिरिट ऑफ हवाई' उतरताना जळालं, तेव्हा सगळा ताफा काही महिने जमिनीवर होता. २०२४ मध्ये ठरलं की त्याची दुरुस्ती परवडत नाही. उरली १९. आणि तरीही जून २०२५ मध्ये इराणवरच्या हल्ल्याला यातलीच सात गेली. म्हणजे म्हातारं झालं म्हणून अडगळीत टाकलेलं विमान नाही हे. त्याचा रेडिएटर मिळालाच पाहिजे.

*

आता परत गोवाडियांकडे. नॉर्थ्रॉप सोडल्यावर त्यांनी स्वतःची सल्लागार कंपनी काढली. पुढे हवाईत, माउई बेटावर, समुद्र दिसेल असं मोठं घर बांधलं. त्याचा हप्ता महिन्याला सुमारे १५ हजार डॉलर. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांना अटक झाली. जुलै २००३ ते जून २००५ या काळात ते सहा वेळा चीनला गेले, एका क्रूझ क्षेपणास्त्रासाठी उष्णता लपवणारा नॉझल बनवायला त्यांनी मदत केली आणि त्याचे किमान १ लाख १० हजार डॉलर घेतले, असा सरकार पक्षाचा आरोप. त्यांच्या वकिलांचं म्हणणं, नॉझल त्यांनी डिझाइन केला हे खरं, पण उघडपणे उपलब्ध असलेल्या माहितीवरून. ऑगस्ट २०१० मध्ये होनोलुलूच्या ज्युरीने त्यांना १७ पैकी १४ आरोपांत दोषी धरलं. जानेवारी २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा त्यांचं वय ६६.

त्यांची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. शपथ घेऊन मिळवलेलं गुपित, ते विकणं हा गुन्हाच. पैशाची ओढ होती हे तर घराचा हप्ताच सांगतो. तरी हिशेब मांडला की डोकं गरगरतं. आयुष्यभराच्या कामाचे १ लाख १० हजार डॉलर, म्हणजे त्या घराचे सात-आठ हप्ते! एवढ्यासाठी? मला वाटतं, आपल्याला काय येतं हे कुणालातरी दाखवायची ओढही त्यात असावी. वीस वर्षं ज्याचं नाव कुठे छापून आलं नाही, त्याला कुणीतरी मानाने बोलावून 'तुम्ही सांगा' म्हणतं. हा माझा अंदाज आहे. क्षमा तर यातून अजिबात मिळत नाही, पण इंजिनिअर माणसाला ही ओढ कळू शकते.

उफिम्त्सेव्ह आठवतात? त्यांचं गणित फुकट छापलं गेलं आणि शत्रूने त्यावर विमान बांधलं. १९९० मध्ये ते अमेरिकेत शिकवायला गेले, तेव्हा त्यांना कळलं की आपल्या पुस्तकातून काय जन्माला आलंय. पुढे त्यांनी बी-२ वाल्या कंपनीसाठीही काम केलं. एकाचं ज्ञान त्याच्या देशाला फालतू वाटलं, आणि तो सन्मानाने राहिला. दुसऱ्याचं ज्ञान त्याच्या देशाला इतकं मोलाचं वाटलं की कुलपात ठेवलं, आणि तो तुरुंगात गेला. आणि ज्या मेकॅनिकला हीटरची युक्ती माहीत होती, त्याला तर कुणी काही विचारलंच नाही.

बी-२ ची जागा घ्यायला बी-२१ येतंय. डिसेंबर २०२२ मध्ये ते लोकांना दाखवलं, पुन्हा पामडेललाच आणि पुन्हा समोरूनच! १० नोव्हेंबर २०२३ ला ते उडालं. निदान शंभर तरी घ्यायची असं म्हणतायत. १३२ चे २१ कसे झाले हे बघितल्यावर त्या शंभरावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला उत्सुकता आहे ती त्याच्या रेडिएटरच्या ड्रॉइंगची. २०५५ साली ते कुठल्या कपाटात असेल, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असेल?

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा. तुमच्या टीममध्ये 'हे फक्त त्यालाच माहितीये' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याला चहाला न्या आणि गप्पा मारता मारता विचारा, "तू असं काय करतोस जे कुठेच लिहिलेलं नाही?" तो सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि खाली त्याचं नाव घाला.